प्रायश्चित्तकाळ: नियम, उपवास आणि रोजची प्रार्थना घरात नेमकी कशी पाळावी?

पहाटतारा

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, उत्साहाने घेतलेला संकल्प दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गळून पडतो, ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. माझ्या मते यामागे इच्छाशक्तीच्या कमतरतेपेक्षा सरमिसळ जास्त असते. ख्रिस्तसभेने (कॅथोलिक चर्चने) सर्वांवर घातलेले बंधन वेगळे आणि आपण आपणहून उचललेले व्रत वेगळे. बंधन फार थोडे आहे. ते नीट माहीत नसले की माणूस नसलेले ओझे डोक्यावर घेतो आणि असलेले विसरतो. म्हणून आधी बंधन काय ते मांडतो, मग रोजच्या क्रमावर बोलू.

१. उपवास वर्षातून दोनच दिवस बंधनकारक: राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे). वय १८ पूर्ण झाल्यापासून ५९वा वाढदिवस येईपर्यंत.

२. मांसत्याग या दोन दिवशी आणि शुक्रवारी. वय १४ पूर्ण झाल्यापासून, वरची मर्यादा नाही. हे सगळे १९८३च्या धर्मसंहितेत, कॅनन (कलम) १२५० ते १२५३ मध्ये आहे. कॅनन १२५३ प्रमाणे देशाच्या बिशप मंडळाला हे नियम अधिक नेमके ठरवता येतात. मांसत्याग आणि उपवासाऐवजी, पूर्णतः किंवा अंशतः, दुसरे प्रायश्चित्त, विशेषतः दानधर्म आणि भक्तिकृत्ये, नेमून देता येतात. म्हणून आपल्या बिशपांनी या वर्षी काढलेले परिपत्रक आधी वाचावे.

३. वर्षातून निदान एकदा धर्मगुरूंपाशी गंभीर पापांचे निवेदन (कॅनन ९८९) आणि निदान एकदा, शक्यतो पुनरुत्थानकाळात (ईस्टरच्या काळात), ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सात मिळणारी पवित्र भाकर (कॅनन ९२०).

बस्स. चहा सोडणे, गोड सोडणे, रोज मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), चाळीसही दिवस शाकाहार हे सारे उत्तम आहे, पण ते स्वेच्छेचे आहे.

नीलकमळ

छान सुरुवात. उपवासाचे माप कुणी नीट सांगाल का? काही जण दिवसभर पाण्यावर राहतात, काही जण एक वेळचे मांसाहारी जेवण टाळले की उपवास झाला असे धरतात.

सायंदीप

@नीलकमळ, उपवास आणि मांसत्याग या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पोप सहावे पॉल यांनी १७ फेब्रुवारी १९६६ रोजी 'पेनितेमिनी' हे फर्मान काढले. त्यानुसार उपवास म्हणजे दिवसात एकच पूर्ण जेवण. सकाळी आणि संध्याकाळी थोडे खायला मुभा. सर्वसाधारण माप असे की ती दोन छोटी खाणी मिळून एका पूर्ण जेवणाएवढी होऊ नयेत. मधल्या वेळेत काही चघळायचे नाही. पाणी चालते, औषध चालते, दूध-चहासारखी पेयेही चालतात. मात्र घट्ट मिल्कशेक पिऊन पोट भरायचे आणि उपवास म्हणायचे, यात अर्थ उरत नाही.

मांसत्यागात प्राणी आणि पक्ष्यांचे मांस वर्ज्य. मासे, अंडी, दूध, दुधाचे पदार्थ चालतात, फोडणीला वापरलेली प्राणिज चरबीही चालते. १९१७च्या जुन्या संहितेत मांसाच्या रश्शाचाही स्पष्ट निषेध होता. १९६६च्या मजकुरात रश्श्याचे नाव नाही. पण शुक्रवारी मुद्दाम मटणाचा रस्सा ओरपायचा आणि फोडी बाजूला ठेवायच्या, हा नियमाशी खेळ झाला. तसेच महागड्या माशांची मेजवानीही. नियम मोडला नाही, पण त्यागही झाला नाही.

पूर्ण जेवण दुपारी घ्यायचे की रात्री, हे आपल्या कामावर ठरवावे. अंगमेहनत करणाऱ्याने दुपारी घ्यावे. शुभ शुक्रवारचा उपासनाविधी बहुधा दुपारी तीनच्या सुमारास असतो आणि बराच वेळ उभे राहावे लागते. सकाळपासून काहीच न खाता गेलेले लोक तिथे भोवळ येऊन पडतात. सकाळचे छोटे खाणे त्यासाठीच आहे, ते संकोच न करता घ्यावे.

गव्हाचादाणा

आजारी माणसांबद्दल स्पष्ट लिहायला हवे, कारण वडीलधारे लोक ऐकत नाहीत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवण टाळले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, आजारातून उठलेले, अंगमेहनतीचे काम असणारे, यांच्यावर उपवासाचे बंधन नाही. खाण्याच्या विकारातून जात असलेल्यांनी तर अन्नाचा त्याग करूच नये, त्यांनी दुसरे काही निवडावे. ६५ वर्षांच्या आजींनी उपवास सोडला तर त्या कोणताही नियम मोडत नाहीत.

अडचण खरी असेल, पण मनाला निश्चिती नसेल, तर कॅनन १२४५ पाहा. योग्य कारण असेल तर धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू एखाद्याला किंवा कुटुंबाला सूट देऊ शकतात, किंवा त्याऐवजी दुसरे भक्तिकृत्य सांगू शकतात. एक फोन पुरतो. स्वतःच स्वतःला सूट देण्यापेक्षा हे केव्हाही चांगले, कारण मग मनात शंका घोळत राहत नाही.

पहाटतारा

अगदी बरोबर. आणि विसरून शुक्रवारी मांस खाल्ले गेले तर ते पाप नाही. गंभीर पापासाठी पूर्ण जाणीव आणि खुशीची संमती लागते. आठवले त्या क्षणी थांबावे आणि त्या दिवशी दुसरे एखादे छोटे प्रायश्चित्त करावे.

जुनीजपमाळ

एक भर. शुक्रवारी महासण (सर्वांत वरच्या दर्जाचा सण) आला तर मांसत्यागाचे बंधन नसते (कॅनन १२५१). प्रायश्चित्तकाळात असे दोन महासण येऊ शकतात: १९ मार्चचा संत योसेफाचा आणि २५ मार्चचा, देवदूताने मरियेला निरोप दिल्याचा. २०२७ साल पाहा: राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला. त्यामुळे १९ मार्च शुक्रवारी येतो, आणि त्या दिवशी बंधन नाही. २५ मार्च मात्र पवित्र गुरुवारी (शुभ शुक्रवारच्या आदल्या दिवशी) येतो, म्हणून तो महासण पुढे ढकलून सोमवार ५ एप्रिलला साजरा होतो. घरातल्या कॅलेंडरवर हे आधीच लिहून ठेवावे, नाहीतर त्या शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर वाद ठरलेला.

ओंजळ

रविवारी संकल्प सैल करावा का? यावर दोन टोकाची मते ऐकली आहेत.

जुनीजपमाळ

राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले ६ रविवार वजा केले की ४० उरतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास करत नाहीत, ही परंपरा फार जुनी. उपासनेच्या हिशोबाने मात्र हा काळ राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सापूर्वी संपतो, आणि त्यातले रविवार 'प्रायश्चित्तकाळातले रविवार'च असतात: जांभळा रंग, आलेलूया नाही, गौरवगीत नाही.

स्वेच्छेच्या संकल्पाबद्दल कायदा गप्प आहे. म्हणून सुरुवातीलाच ठरवा आणि लिहून ठेवा. खाण्यापिण्याचा त्याग रविवारी सैल केला तर हरकत नाही. पण ज्यात सवयच मोडायची आहे, उदाहरणार्थ फोनवरचा निरर्थक वेळ, शिवीगाळ, तंबाखू, दारू, तिथे रविवारची सवलत घातक ठरते. आठवड्यातून एकदा दार उघडले की सोमवारी ते पुन्हा लावणे पहिल्या दिवसाइतकेच कठीण जाते.

सायंदीप

चहा-कॉफी सोडणाऱ्यांसाठी. रोज चार-पाच कप पिणाऱ्याने बुधवारी एकदम बंद केली की १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, चिडचिड होते, आणि हे दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत चालू शकते. लोक याला सैतानाची परीक्षा समजतात. ते कॅफीनचे काम असते. आणि त्या चिडचिडीचा भार घरच्यांवर पडतो, म्हणजे प्रायश्चित्त दुसऱ्यांना भोगावे लागते. राखेच्या बुधवारच्या आठवडाभर आधीपासून दर दोन दिवसांनी एक कप कमी करत या.

गव्हाचादाणा

दानधर्माबद्दल अजून कुणी लिहिले नाही, आणि संकल्पांच्या यादीत तेच शेवटी येते. राखेच्या बुधवारचे शुभवर्तमान, म्हणजे त्या दिवशी चर्चमध्ये वाचला जाणारा येशूच्या चरित्रातला उतारा (मत्तय ६:१-६, १६-१८), दान, प्रार्थना, उपवास याच क्रमाने बोलते. यशयाचा ५८वा अध्याय तर उपवास कशासाठी हेच सांगतो: भुकेल्याला आपली भाकर वाटून दे.

करायचे कसे?

सोडलेल्या वस्तूचा रोजचा खर्च काढा आणि ती रक्कम रोज रात्री वेगळ्या डब्यात टाका. महिनाअखेर हिशोब करू म्हटले की ती घरखर्चात मिसळून जाते. रक्कम कुणाला द्यायची हे पहिल्याच आठवड्यात ठरवा. पवित्र आठवड्यात (ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्यात) घाईने ठरवले की समोर येईल त्या पेटीत जाते. नको असलेले जुने कपडे काढून देणे हे घर आवरणे आहे, दान त्यापुढे सुरू होते. आणि देताना फोटो नाही, व्हॉट्सअॅपच्या गटात बातमी नाही.

यापेक्षा महत्त्वाचे: घरकामाला येणाऱ्या व्यक्तीची थकलेली पगारवाढ, उसने घेतलेले पैसे, दुकानातली उधारी, हे आधी चुकते करा. ते देणे आहे, ते थकवून केलेल्या दानाला उपकाराचे रूप देऊ नये.

नीलकमळ

हे फार पटले. आता प्रार्थनेचे सांगा. नोकरी, मुले, स्वयंपाक यांतून वेळ निघत नाही अशा घरासाठी.

पहाटतारा

पंधरा मिनिटे, एकच ठिकाण, आणि आधीच ठरलेल्या एखाद्या कामाला जोडलेली वेळ. 'सकाळी कधीतरी' म्हटले की होत नाही. 'दात घासल्यावर, चहा ठेवण्यापूर्वी' म्हटले की होते.

मजकूर म्हणून येत्या रविवारचे शुभवर्तमान घ्यावे. पहिल्या रविवारी दरवर्षी येशूची रानातली परीक्षा असते, दुसऱ्या रविवारी डोंगरावरचे रूपांतर. 'अ' वर्षात (रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र असते, त्यातले पहिले) पुढचे तीन योहानाचे: शोमरोनी स्त्री (४:५-४२), जन्मांध (९:१-४१), लाजर (११:१-४५). हे तिन्ही लांब आहेत. एका बैठकीत वाचले तर डोक्यात काहीच राहत नाही. सोमवार ते शनिवार सहा तुकडे करा, म्हणजे रोज सहा-सात वचने येतात.

तीन मिनिटे: तुकडा दोनदा, ओठ हलवत, सावकाश. पाच मिनिटे: अडलेल्या एका शब्दावर थांबा. पाच मिनिटे: त्यावर प्रभूशी बोला, साध्या भाषेत. दोन मिनिटे: आज काय करणार ते एक वाक्य. वचन फोनवर वाचू नका. पंधरा मिनिटांत दोन सूचना आल्याच म्हणून समजा. आणि टीकाग्रंथ बाजूला ठेवा. समजून घेण्याच्या ओढीत प्रार्थना अभ्यास होऊन बसते, हे विशेषतः शिकलेल्या लोकांचे होते.

ओंजळ

रात्रीसाठी स्तोत्रे सोपी पडतात. पश्चात्तापाची सात स्तोत्रे आहेत: ६, ३२, ३८, ५१, १०२, १३०, १४३. रोज एक म्हटले की आठवडा पूर्ण. शुक्रवारी ५१ यावे असे लावून घ्या, कारण ख्रिस्तसभेच्या प्रातःप्रार्थनेतही शुक्रवारी तेच असते. जपमाळ म्हणणाऱ्यांनी मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्ये (येशूच्या दुःखसहनाचे प्रसंग) घ्यावीत.

शुभ्रपाकळी

क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या १४ स्थानांवरचे मनन, घरी करायची असेल तर नियम काय? त्याने संपूर्ण दंडमाफी, म्हणजे माफ झालेल्या पापांच्या उरलेल्या शिक्षेतून पूर्ण सूट, मिळते असे ऐकले आहे.

जुनीजपमाळ

मिळते, पण अटी नीट समजून घ्या. रीतसर स्थापलेल्या १४ स्थानांसमोर करावी. त्यासाठी १४ क्रूस लागतात. चित्रे किंवा पुतळे असतात ते ध्यानाला मदत म्हणून. एका स्थानाकडून दुसऱ्याकडे जायचे. गर्दीत सर्वांना हलणे शक्य नसेल तर चालवणाऱ्याने तरी जावे, बाकीच्यांनी जागेवरून. ठरावीक प्रार्थना म्हटल्याच पाहिजेत असे नाही. प्रभूच्या दुःखसहनाचे मनन पुरे. योग्य कारणाने चर्चमध्ये जाता येत नसेल तर काही वेळ, उदाहरणार्थ पाव तास, दुःखसहनाचे वाचन आणि मनन केले तरी तीच माफी मिळू शकते. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी हे मोठे दान आहे.

शिवाय नेहमीच्या अटी: पापनिवेदन (२० दिवसांच्या आसपास आधी किंवा नंतर चालते), ख्रिस्तप्रसाद, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना, आणि कोणत्याही पापाची, क्षुल्लक पापाचीही, ओढ मनात नसणे. शेवटची अट सर्वांत अवघड. ती पुरी झाली नाही तर माफी अंशतः मिळते. दिवसाला एकच संपूर्ण माफी, स्वतःसाठी किंवा मृतांसाठी.

घरी मुलांबरोबर करताना प्रत्येक स्थानाला दीड-दोन मिनिटे धरा. स्थानाचे नाव, 'हे ख्रिस्ता, आम्ही तुझी आराधना करतो', शुभवर्तमानातले एक वचन, मग वीस सेकंद पूर्ण शांतता. ही शांतता गाळली की सगळे पाठांतर होते. तीन वेळा पडणे, आईची भेट आणि वेरोनिका ही स्थाने शुभवर्तमानात नाहीत, परंपरेतून आली आहेत. ज्यांना फक्त शास्त्रवचनांवर आधारलेली वाट हवी त्यांनी पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१च्या शुभ शुक्रवारी कलोसियममध्ये चालवलेली १४ स्थाने घ्यावीत. ती गेथसेमनेपासून सुरू होतात.

सायंदीप

पापनिवेदन पवित्र आठवड्यावर ढकलू नका. तेव्हा रांगा लांब असतात, धर्मगुरू थकलेले असतात, आणि ज्याला दहा मिनिटे हवीत त्याला दोन मिळतात. तिसरा किंवा चौथा आठवडा उत्तम.

बरीच वर्षे न गेलेल्यांसाठी क्रम: आदल्या रात्री दहा आज्ञा समोर ठेवून विवेकपरीक्षण (आपले कुठे चुकले ते तपासणे). आत गेल्यावर क्रुसाची खूण, शेवटचे निवेदन अंदाजे कधी केले ते. मग गंभीर पापे, प्रकार आणि संख्येसह. नेमकी संख्या आठवत नसेल तर 'आठवड्यातून साधारण एकदा, दोन वर्षे' असे. कारणे, पार्श्वभूमी, समोरच्याचे दोष नकोत. सासू किंवा साहेब कसा वागला हे तिथे सांगायचे नसते. पश्चात्तापाची प्रार्थना पाठ नसेल तर कागदावरून वाचा किंवा धर्मगुरूंना सांगा, ते मदत करतात. सांगितलेले प्रायश्चित्त शक्य असेल तर चर्चमधून बाहेर पडण्यापूर्वीच करा. उद्यावर टाकले की विसरते.

खरोखर विसरलेले पाप माफ झालेले असते, पुढच्या वेळी सांगावे. जाणूनबुजून लपवलेले मात्र सगळे निवेदनच निष्फळ करते.

शुभ्रपाकळी

आणि संकल्प मोडला तर तेही पापनिवेदनात सांगायचे का?

पहाटतारा

संकल्प म्हणजे नवस नव्हे. नवस म्हणजे देवाला विचारपूर्वक आणि स्वेच्छेने दिलेले वचन (कॅनन ११९१), आणि तो तसा उच्चारलेला असला तरच बांधतो. 'या चाळीस दिवसांत गोड खाणार नाही' एवढ्याने नवस होत नाही. मोडला तर त्याच संध्याकाळपासून पुन्हा सुरू करा. दंड म्हणून दुप्पट करू नका. दुप्पट केलेला संकल्प त्याहून लवकर मोडतो. आठवड्यात तीनदा मोडत असेल तर तो आकाराने मोठा आहे. अर्धा करा. सोमवार आणि शुक्रवार एवढेच ठेवा, पण ठेवा.

ओंजळ

राखेच्या बुधवारी कपाळाला लावतात त्या राखेबद्दल एक विचारायचे राहिले. कपाळावर जळजळ होते अशी तक्रार काही जण करतात.

गव्हाचादाणा

राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून करतात. वनस्पतीच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात. पाण्यात कालवून ती ठेवली की लगदा तीव्र अल्कधर्मी होतो आणि त्वचा भाजू शकते. चर्चमध्ये तयारी करणाऱ्यांनी राख चांगली जाळून, बारीक चाळणीने चाळून कोरडीच वापरावी किंवा तेलाचे थोडे थेंब घालावेत. जळजळ झालीच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. राख दिवसभर ठेवलीच पाहिजे असा नियम नाही.

घरातल्या जुन्या झावळ्या आशीर्वादित असतात, कचऱ्यात टाकू नयेत. राखेच्या बुधवारच्या दोन आठवडे आधी चर्चमध्ये द्या, किंवा घरी जाळून राख झाडाच्या बुंध्याशी मातीत मिसळा. आजारी माणसाला घरी राख न्यायची असेल तर धर्मगुरूंनी किंवा डीकननी (धर्मगुरूंच्या खालच्या पायरीवरच्या दीक्षित सेवकाने) आशीर्वाद दिलेली राख दीक्षा न घेतलेला सेवकही नेऊन लावू शकतो.

नीलकमळ

शेवटचा प्रश्न. शुभ शुक्रवारचा उपवास नेमका कधी सुटतो? शनिवारी दुपारी की शनिवारी रात्रीच्या, ईस्टरच्या जागरणाच्या मिस्सानंतर?

जुनीजपमाळ

बंधन शुक्रवारी मध्यरात्री संपते. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हा पास्काचा (ईस्टरचा) उपवास शक्य तिथे पवित्र शनिवारीही चालू ठेवावा असे म्हटले आहे. ज्यांना झेपते त्यांनी शनिवारी तेच माप ठेवावे: एक जेवण, दोन छोटी खाणी.

जागरणाचा विधी अंधार पडल्यावरच सुरू होतो. जुन्या करारातली सात वाचने आहेत. कमी केली तरी किमान तीन हवीत आणि निर्गम १४ (इस्राएल लोकांनी समुद्र ओलांडल्याचे) कधीच गाळत नाहीत. त्यात बाप्तिस्मा असतील तर दोन-अडीच तास सहज जातात. ख्रिस्तप्रसादापूर्वी एक तास काही खायचे नसते (कॅनन ९१९), पाणी आणि औषध चालते, वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना सूट आहे. ख्रिस्तप्रसाद शेवटाकडे असतो, त्यामुळे निघण्यापूर्वी घरी हलके खाऊन गेले तरी तो तास आपोआप पाळला जातो. लहान मुलांना दुपारी झोपवा, संध्याकाळी खायला घाला, आणि मेणबत्तीला पुठ्ठ्याची चकती घट्ट बसली आहे ना हे आग पेटवण्याआधी तपासा. वितळलेले मेण हातावर पडून मुले रडू लागतात ते बहुतेक त्या सैल चकतीमुळे.